रांग मोडून पाया पडायला कोणी शिकवलं?

मी येणार नाही.

तुमच्या निमंत्रणामागचं प्रेम मला कळतं. दहावीची अख्खी तुकडी इतक्या वर्षांनी एकत्र येते, म्हाताऱ्या बाईंची आठवण ठेवते, घ्यायला दारात गाडी पाठवू म्हणते, याचा मला आनंदच आहे. पण पत्रिकेखाली तुम्ही जे लिहिलंत ते वाचलं आणि मी चष्मा काढून ठेवला. ‘बाई, पंढरपुरात रांगेची काळजी करू नका. व्हीआयपी दर्शनाची सोय झाली आहे. दहा मिनिटांत पायांवर डोकं ठेवून बाहेर.’ आणि सोबत गेल्या वर्षीचा तुमचा फोटो. गाभाऱ्याजवळ उभे, गळ्यात तुळशीचे हार, खांद्यावर उपरणी, चेहऱ्यावर समाधान.

पहिला प्रश्न. तो फोटो निघाला कसा? मंदिरात मोबाइल न्यायला बंदी आहे. रांगेतला माणूस आपला मोबाइल बाहेर ठेवून, बिल्ला घेऊन आत जातो. तुम्हाला तो नियम लागू नव्हता? लागू नाही असं कोणी सांगितलं? तुम्ही विचारलंत तरी का? मला ठाऊक आहे, विचारलं नाहीत. नियम आपल्यासाठी नसतो असं धरूनच तुम्ही आत गेलात. प्रार्थनेच्या रांगेत कोणी मध्ये घुसला तर त्याचा हात धरून मी त्याला शेवटी नेऊन उभा करत असे. तेव्हा तुम्ही बारा-तेरा वर्षांचे होतात. आता तुमची चाळिशी उलटली आहे.

तुमच्यात एक तहसील कचेरीत आहे. एक डॉक्टर आहे. दोघं माझ्यासारखेच शिक्षक झाले. एक रस्त्यांची कामं घेतो. एक तर एका देवस्थानाच्या समितीवर बसतो. समतेवर निबंध लिहून तुम्ही बक्षिसं घेतलीत, भाषणं ठोकलीत. ज्यांना कधी शाळेचं तोंड दिसलं नाही अशा माणसांनी रांग मोडली असती तर मी एवढं बोलले नसते. आणि गंमत नव्हे, लाज वाटावी अशी गोष्ट ही की ती माणसं सहसा रांग मोडत नाहीत. मोडतात ती ओळखपाळख असलेली.

मी तुम्हाला गणित शिकवलं, म्हणून आधी गणितच मांडते. समजा, तुम्ही आठजण बाजूच्या दारानं आत शिरलात. सावकाश माथा टेकलात, पुजाऱ्यानं हार घातले, प्रसाद दिला, कोणी फोटो काढला. पाच मिनिटं गेली. तुम्हाला वाटतं, पाचच तर मिनिटं! पण कोणाची? मागे 20,000 माणसं उभी असतील तर त्या प्रत्येकाची पाच मिनिटं गेली. झाली 1,00,000 मिनिटं. तासांत मांडा, 1,666 हून जास्त होतात. दिवसांत मांडा, 69 दिवस. तुम्ही आठजणांनी पाच मिनिटांत लोकांच्या आयुष्यातले 69 दिवस खर्च केलेत, आणि ते तुमचे नव्हते. तुमच्याआधी एका आमदाराचे पाहुणे येऊन गेले असतील, तुमच्यानंतर एखाद्या साहेबांचे मेहुणे. दिवसभराची बेरीज तुम्हीच करा. हातचा विसरू नका.

आता ती 20,000 माणसं कोण असतात ते ऐका. आषाढीला पदस्पर्शाची रांग पत्राशेड ओलांडून गोपाळपूरच्या बाजूला जाते. वीस-वीस तास माणसं त्या बांबूंच्या आणि पाइपांच्या मधे असतात. त्यात परभणीकडची शेतमजूर बाई असते, मजुरी बुडवून आलेली. गुडघे गेलेला म्हातारा असतो, तो जिथं रांग थांबेल तिथं खाली बसतो आणि सरकली की कोणाच्या तरी हाताला धरून उठतो. बायका पाणी पीत नाहीत. का पीत नाहीत, विचारा आपल्या डॉक्टरला. मधेच लघवीला लागली तर जायचं कुठं आणि रांगेतली जागा राखायची कोणी? जून-जुलैच्या उकाड्यात, गर्दीच्या वाफेत, तहान मारून ती बाई पुढे सरकते. पायांपाशी पोचते तेव्हा तिथल्या माणसाचा हात तिच्या मानेवर असतो. डोकं टेकतं न टेकतं तोच ती उचलली जाते. ‘चला माउली, चला, पुढं चला.’ विटेवरचे पाय तिला नीट दिसलेसुद्धा नसतात. त्याच पायांपाशी तुम्ही फोटो काढून घेतलात.

कोणी म्हणेल, आम्ही आषाढीला नव्हतो गेलो, आडदिवशी गेलो होतो. आडदिवशीही रांग असते. शनिवारी-रविवारी, सुट्ट्यांत, एकादशीला असते. आणि रांग लहान होती म्हणता, तर मग त्या लहान रांगेत उभं राहायला काय झालं होतं?

वारकरी आळंदीहून, देहूहून अठरा-वीस दिवस चालत येतो. एवढं चालून आल्यावरही कितीतरी जण आत जातच नाहीत. चंद्रभागेत स्नान करतात, नामदेव पायरीवर माथा ठेवतात, लांबून कळस बघतात आणि माघारी वळतात. कळसाचं दर्शन झालं, वारी पोचली, असं म्हणतात. मी हे सांगते आहे ते तुम्ही त्याचा आधार घ्यावा म्हणून नाही. ‘त्यांना कळसदर्शनातच समाधान असतं’ हे वाक्य मी एका शिकलेल्या माणसाच्या तोंडून ऐकलं आहे, आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. त्यांचं समाधान ही त्यांची थोरवी आहे. तुमच्या सोयीसाठी मोकळी सोडलेली जागा नव्हे ती.

तुमच्या सबबी मला पाठ आहेत. एकेक घेते.

वेळ नाही म्हणता. वेळ कोणाकडे आहे? रोजंदारीवरच्या माणसाचा एक दिवस गेला की त्या दिवशीचा पैसा गेला. तुमच्या रजेचा पगार कापला जात नाही. मग दोघांत कोणाचा वेळ महाग?

आई-वडील थकलेत म्हणता. ही सबब खरी असू शकते, म्हणून तिच्याबद्दल नीट बोलते. म्हाताऱ्यांना, अपंगांना, पोटुशी बाईला, तान्हं मूल घेऊन आलेलीला वेगळी वाट हवीच. ती प्रत्येक देवळात असायला हवी, फुकट असायला हवी, आणि कोणाच्या चिठ्ठीशिवाय मिळायला हवी. परंतु तुमच्या फोटोत मला एकच म्हातारी दिसली आणि तिच्याभोवती सात धडधाकट माणसं. आईचा हात धरायला एक पुरला असता. बाकीच्या सहांनी आईच्या नावावर स्वतःची सोय करून घेतली. पुंडलिकाची गोष्ट तुम्ही पहिलीपासून ऐकली आहे. आई-बापांची सेवा चालली होती म्हणून त्यानं प्रत्यक्ष देवाला वीट फेकून थांब म्हटलं, आणि देव थांबला. त्या देवाच्या दारात येऊन आपल्याला थांबायला लागू नये म्हणून तुम्ही फोनाफोनी करता.

पैसे देवाच्याच कामाला जातात म्हणता. इथं जरा थांबते, कारण पंढरपुरापुरता हा प्रश्न नाही. शिर्डीत सशुल्क दर्शनाचा पास वर्षानुवर्षं 200 रुपयांना मिळत आला आहे, आरतीच्या पासांचे दर त्याहून चढे. त्र्यंबकेश्वरातही 200 रुपये. तिरुपतीला 300 रुपयांचं विशेष प्रवेश दर्शन आहे, आणि श्रीवाणी ट्रस्टला 10,000 रुपये दिले की व्हीआयपी ब्रेक दर्शनाचं तिकीट काढता येतं. या पैशांतून काही ठिकाणी दवाखाने चालतात, अन्नछत्रं चालतात, ते मी नाकारत नाही. शिर्डीच्या प्रसादालयात रोज हजारो माणसं पोटभर जेवतात ही मोठी गोष्ट आहे. पण दान द्यायचं आहे तर हुंडीत टाका. पावती फाडा आणि येऊन रांगेत उभे राहा. दान दिल्यावर लगेच त्याच्या बदल्यात लवकरचं दार उघडून हवं असेल, तर तुम्ही दान दिलेलं नाही. तुम्ही रांगेतल्या दुसऱ्या माणसाची पाळी विकत घेतली आहे, आणि देवस्थानानं त्या माणसाला न विचारता ती विकली आहे.

साईबाबा शिर्डीत पडक्या मशिदीत राहिले. पाच घरी झोळी घेऊन जात, मिळेल ते कुत्र्या-मांजरांना घालून मग खात. 1918 साली दसऱ्याला त्यांनी देह ठेवला, तेव्हा त्यांच्यापाशी साठवलेली संपत्ती नव्हती. त्या फकिराच्या दारात भिक्षा मागणाऱ्याची रांग वेगळी आणि पास घेणाऱ्याची वेगळी. तुम्हाला यात काही चुकतंय असं वाटत नाही?

एकदा पाळी विकाऊ झाली की तिचा काळाबाजार होणारच. पासाच्या नावानं भाविकांना लुबाडल्याचे गुन्हे देवस्थानांच्या गावांत नोंदले जातात, दलाल पकडले जातात. दलाल पकडला की तुम्हाला बरं वाटतं. पण त्यानं नवीन काय केलं? खिडकीवर उघड जे विकलं जातं तेच त्यानं जास्त दरानं विकलं. त्याचं गिऱ्हाईक कोण? तुमच्यासारखेच, फक्त ज्यांची तहसील कचेरीत ओळख नाही असे.

आणखी एक सबब असते सुरक्षेची. मुख्यमंत्री, न्यायमूर्ती, ज्यांच्या जिवाला खरोखर धोका आहे अशी माणसं, त्यांची व्यवस्था वेगळी करावी लागते हे मला मान्य आहे. तुमच्या जिवाला कोणाचा धोका आहे?

आता इतिहास. तो मी शिकवत नव्हते, पण माहीत असल्याशिवाय राहत नाही. नामदेव पायरीसमोर, महाद्वाराबाहेर, संत चोखोबांची समाधी आहे. त्यांना जातीमुळे हयातभर आत जाऊ दिलं नाही. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून ते गेले आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून दाराशी ठेवल्या, असं परंपरा सांगते. मेल्यावर दारापर्यंत. आत नाहीच. तुम्ही बाजूच्या दारानं आत गेलात तेव्हा कोणाला ओलांडून गेलात याचा विचार केलात?

नाशिकला 2 मार्च 1930 या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी तो वर्षानुवर्षं चालवला. दगड खाल्ले, काठ्या खाल्ल्या. दार उघडलं नाही. पुढे 1947 साली साने गुरुजी विठ्ठलाचं मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून महाराष्ट्रभर फिरले, आणि 1 मे रोजी पंढरपुरात उपोषणाला बसले. दहा दिवस त्यांनी प्राण पणाला लावले. 10 मे रोजी उपोषण सुटलं, विठ्ठलाचं दार सर्वांना उघडलं. अंमळनेरच्या शाळेतला एक मास्तर होता तो. ‘श्यामची आई’ मी तुम्हाला शनिवारच्या शेवटच्या तासाला वाचून दाखवत असे आणि तुम्ही डोळे पुसत होतात. त्या माणसानं दार उघडलं ते कशासाठी? जात बघून अडवणं बंद व्हावं आणि त्या जागी खिसा बघून, ओळख बघून अडवणं सुरू व्हावं, यासाठी?

तुम्ही म्हणाल, बाई, कोणाला अडवत तर नाही ना कोणी, फक्त थांबवतात. वीस तास थांबवणं आणि दहा मिनिटांत सोडणं, हा भेद जन्मावरून केलेला नाही म्हणून तो भेद नव्हे असं तुम्हाला म्हणायचं असेल, तर तुमची उत्तरपत्रिका मी परत तपासायला हवी. आणि डोळे उघडे ठेवून बघा, कमी वेळाच्या दारातून जाणारे कोण आणि जास्त वेळाच्या रांगेत उभे राहणारे कोण. जुनी ओळखीची वर्गवारी पुष्कळशी तिथंच दिसेल.

बडव्यांच्या, म्हणजे विठ्ठल मंदिराच्या पिढीजात कारभाऱ्यांच्या वागण्याबद्दल तुमच्या आजोबा-पणजोबांनी काय काय सांगितलं असेल ते आठवा. देवापुढच्या उत्पन्नाचे लिलाव, पैसे टाकल्याशिवाय पुढे सरकू न देणं, भाविकांना ढकलणं. त्या तक्रारींतून चौकशी झाली, 1973 साली पंढरपूर मंदिर कायदा झाला, आणि बडवे-उत्पातांचे वंशपरंपरेचे हक्क संपवण्यावर सर्वोच्च न्यायालयाचं शिक्कामोर्तब व्हायला 2014 साल उजाडलं. इतकी वर्षं लढून लोकांनी देऊळ सोडवलं ते काही घराण्यांच्या हातातून काढून शंभर साहेबांच्या चिठ्ठ्यांच्या हाती द्यायला नव्हे.

न्यायालय काही करील म्हणून वाट बघू नका. देवळांतल्या व्हीआयपी दर्शनाविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयानं 31 जानेवारी 2025 रोजी ऐकायला नकार दिला. अशी खास वागणूक असू नये असं आपलं मत असलं तरी आदेश देता येणार नाही, हा प्रश्न समाजानं आणि देवस्थानांनी सोडवावा, असा त्याचा आशय होता. समाज म्हणजे तुम्ही. देवस्थान म्हणजे तुमच्यातला तो एक, ज्याच्याकडे मी शेवटी येणार आहे.

त्याच जानेवारीत काय घडलं ते विसरू नका. 8 तारखेला तिरुपतीत वैकुंठ एकादशीच्या फुकट टोकनांसाठी जमलेल्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन सहा भाविक गेले. 29 तारखेला मौनी अमावस्येच्या पहाटे प्रयागराजच्या कुंभात सरकारी आकड्यानुसार 30 माणसं मेली, आणि त्यानंतर तिथले व्हीआयपी पास रद्द झाले. माणसं मेल्यावर पास रद्द करता येतात. मग आधी का येत नाहीत? मंत्र्यांच्या गाड्यांना रस्ते मोकळे ठेवायचे आणि उरलेल्या जागेत लाखोंना कोंबायचं, यात जीव कोणाचा जातो हे कळायला चौकशी समिती लागत नाही.

दुसरी रीत असू शकते हे मी हवेत बोलत नाही. शेगावला जाऊन या. शिवशंकरभाऊ पाटलांनी गजानन महाराज संस्थानाची घडी अशी बसवली की आजही हजारो सेवेकरी पाळीपाळीनं येऊन बिनपगारी सेवा करतात. सेवेकरी झाडू मारतो, ताटं उचलतो, रांगेतल्या माणसाला ‘माउली’ म्हणून हात जोडतो. रांगेतल्या माणसाशी अदबीनं बोलायला पैसे पडत नाहीत, त्याला स्वच्छ संडास आणि पिण्याचं पाणी द्यायला अवाढव्य खर्च येत नाही. येतो तो सन्मान सगळ्यांना सारखा वाटायचं ठरवल्यावर, कारण मग साहेबांना नाही म्हणावं लागतं.

आणि आता तू. तू समितीवर आहेस म्हणून वेगळं बोलते. या सगळ्यांना चिठ्ठी तूच दिलीस, हे न सांगता मला कळलं. तुझा स्वभाव मला माहीत आहे, तुला कोणाला नाही म्हणता येत नाही. वर्गातही येत नव्हतं, म्हणून तुझी वही कायम दुसऱ्याकडे असायची. पण ती वही तुझी होती. हे दार तुझं नाही.

नाही म्हणायला शिक, आणि पुढच्या बैठकीत हे ठराव मांड. तुमच्या देवळातून रोज किती माणसं रांगेबाहेरून आत सोडली, कोणाच्या पत्रावर सोडली, किती वाजता सोडली, याची नोंदवही ठेवा आणि तिचं पान रोज संध्याकाळी महाद्वाराबाहेर फळ्यावर लावा. पत्र देणाऱ्याचं नाव आणि हुद्दा मोठ्या अक्षरांत. म्हातारे, अपंग, गरोदर आणि लेकुरवाळ्या बायका यांच्यासाठी फुकट वाट करा, सोबत एकच माणूस. पैसे घेऊन आत सोडायची खिडकी बंद करा. उत्पन्न घटेल असं कोणी म्हणालं तर ताळेबंद मागव आणि सगळ्यांसमोर वाच, त्या खिडकीतून येतं किती आणि हुंडीतून येतं किती. रांगेच्या मार्गावर ठरावीक अंतरावर बायकांसाठी संडास, आणि परत येऊन आपल्याच जागी उभं राहता येईल असं टोकन. गाभाऱ्यात कोणाच्याही मानेला हात लावायचा नाही. विश्वस्त आणि त्यांचे नातेवाईक रांगेतूनच येतील, आणि याची सुरुवात तुझ्या घरापासून.

बाकीच्यांनी या ठरावांखाली सह्या करायच्या. तहसील कचेरीतल्यानं सगळ्यात आधी.

अनुमोदन मिळणार नाही असं तू मला फोनवर सांगशील. नाही मिळालं तर ठराव मांडला होता आणि कोणी विरोध केला, हे इतिवृत्तात नावानिशी लिहून घे. इतिवृत्ताची नक्कल माझ्या पत्त्यावर पाठव. अक्षर नीट काढ, गेल्या पत्रात तारीखसुद्धा वाचता येत नव्हती.